सल्ला सदर : पेपर अठराच घ्या, पण प्रत्येक पेपर नीट ऐकला जाऊ द्या

पत्र : मी अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात बी.ए. तृतीय वर्षाला आहे. इंग्रजी हा मुख्य विषय. आसपासच्या कॉलेजांतल्या बी.ए.च्या मुलामुलींसाठी इंग्रजी साहित्यावर एक दिवसाची परिषद घ्यायची असं आम्ही सहा जणांनी ठरवलंय. पेपर (म्हणजे छोटे शोधनिबंध) विद्यार्थ्यांनीच वाचायचे आणि सगळं कामही विद्यार्थ्यांनीच करायचं. विभागप्रमुख सर म्हणाले, "करा, पण राष्ट्रीय परिषद म्हणा, म्हणजे कॉलेजच्या उपयोगी पडेल." पेपर किती घ्यावेत, निवडावेत कसे, पैसे किती लागतील, काहीच अंदाज येत नाही. बरेच जण नेटवरून उतरवून आणतील ही धास्ती आहे. आणि आमच्यातल्या निम्म्यांना इंग्रजीत उभं राहून बोलायची भीती वाटते. मी स्वतः पेपर वाचावा का, हेही सांगा.
– एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : आधी तारखेचं बघू, कारण अशा परिषदा बहुतेक वेळा तारखेवरच फसतात. अंबाजोगाई बीड जिल्ह्यात, म्हणून तुमचं विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. पण तुमच्या हाताशी असलेली लातूर, परभणी, नांदेडची कॉलेजं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची. दोन्हीकडच्या सत्र परीक्षा एकाच आठवड्यात येतील याचा भरवसा नाही. त्यात एखादं कॉलेज स्वायत्त असलं तर त्याचं वेळापत्रक आणखी निराळं. म्हणून दोन्ही विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरची शैक्षणिक दिनदर्शिका शेजारी शेजारी मांडा आणि मगच तारीख ठरवा.

आमच्या मते जानेवारीचा तिसरा किंवा चौथा शनिवार सगळ्यात सोयीचा. हिवाळी परीक्षा बहुतेक उरकलेल्या असतात आणि ऊन अजून तापलेलं नसतं. १४ जानेवारीच्या आसपास मात्र काही ठेवू नका. त्याच सुमारास संक्रांत आणि मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दिन दोन्ही येतात आणि संभाजीनगरकडची मुलं यायची नाहीत. २६ जानेवारीला लागून आलेला शनिवारही टाळा. फेब्रुवारीत तर जाऊच नका. बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली की ज्या कॉलेजला कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं आहे तिथले वर्ग, बाक आणि शिपाईमामा सगळे परीक्षेच्या कामाला लागतात. जानेवारीत आणखी एक अडचण असते ती राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिराची. तुमच्या सहा जणांतले दोघे तरी त्यात असणारच, तेव्हा शिबिराच्या तारखा कार्यक्रम अधिकाऱ्यांना आत्ताच विचारून घ्या.

तारीख ठरली की उलटं मोजत या. पेपर पाठवण्याचं आवाहन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाच्या सुट्टीआधी सगळ्या कॉलेजांत पोचलेलं असावं. अ‍ॅबस्ट्रॅक्टची (म्हणजे पेपरच्या छोट्या गोषवाऱ्याची) शेवटची तारीख १० ऑक्टोबरच्या आसपास ठेवा आणि निकाल दिवाळीआधी कळवा, म्हणजे सुट्टीत मुलांना लिहायला वेळ मिळतो. पूर्ण पेपरचा कच्चा मसुदा २५ डिसेंबरपर्यंत मागवा, त्यावर तुमच्या सूचना ५ जानेवारीपर्यंत द्या आणि पक्का पेपर परिषदेच्या पाच दिवस आधी घ्या. मसुदा आणि सूचना हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो. थेट अ‍ॅबस्ट्रॅक्टवरून व्यासपीठावर उडी घेतली जाते आणि मग त्या दिवशी ऐकण्यासारखं काही नसतं. तुम्हाला एकच गोष्ट नीट करणं जमणार असेल, तर हा टप्पा नीट करा. बाकीचं सगळं कमीजास्त झालं तरी चालतं.

आता पेपर किती, ते. एका सत्रात तीन पेपर, प्रत्येकाला १५ मिनिटं, म्हणजे ४५. प्रश्नोत्तरांना २५ मिनिटं, ओळख आणि अदलाबदलीला पाच. एकूण ७५ मिनिटं. दिवस असा बसतो : १० ला नोंदणी आणि चहा, साडेदहाला उद्घाटन, पावणेअकरा ते बारा पहिलं सत्र, सव्वाबारा ते दीड दुसरं, मग पाऊण तास जेवण, सव्वादोन ते साडेतीन तिसरं, आणि चारपर्यंत समारोप. दोन वर्गखोल्यांत सत्रं समांतर चालवली तर सहा सत्रं आणि १८ पेपर होतात. याच्या पुढे जाऊ नका. पाच वाजेपर्यंत ताणायचा मोहही टाळा. हिंगोली, नांदेडकडे जाणाऱ्या मुलींना परळीला गाडी किंवा लातूरला पुढची एसटी धरायची असते. साडेतीननंतर त्यांचं लक्ष घड्याळाकडे जातं आणि चारला खोली अर्धी रिकामी होते. तिसऱ्या सत्रात वाचणाऱ्यावर हा अन्याय होतो. लांबून आलेल्यांचे पेपर पहिल्या दोन सत्रांत आणि तुमच्याच गावातल्यांचे तिसऱ्यात ठेवले की हा प्रश्न बराचसा सुटतो.

एका वेळापत्रकात ४० पेपर कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात मिनिटं येतात. सहा मिनिटांत कादंबरीचं कथानकच सांगून होत नाही. लेखकाचा जन्म आणि कथेचा सारांश एवढं वाचून विद्यार्थी उतरतो, प्रमाणपत्र घेतो आणि आपल्या पेपरवर एकही प्रश्न न येता घरी जातो. ज्या मुलीनं दोन महिने एका कवितेवर डोकं चालवलंय, तिला चार जणांनी "तुम्ही असं का म्हणता?" म्हणून विचारायला हवं. त्यासाठीच तर ही सगळी खटपट.

"राष्ट्रीय" या शब्दाबद्दल सरांशी भांडू नका. त्यांची गरज काय आहे ती समजून घ्या. कॉलेजला नॅकसाठी (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेसाठी) आणि अंतर्गत गुणवत्ता कक्षासाठी कार्यक्रमाची नोंद लागते. ही नोंद तुम्ही विद्यार्थ्यांनी घेतलेली परिषद म्हणूनही चोख देऊ शकता : परवानगीचा अर्ज, कार्यक्रमपत्रिका, सह्यांसकट हजेरीपट, जिओटॅग केलेले (ठिकाणाची नोंद असलेले) फोटो, सहभागींचा अभिप्राय आणि दोन पानी अहवाल. ही फाइल आठ दिवसांत हातात देतो असं अर्जातच लिहा. बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होतं. "राष्ट्रीय" म्हटलं की दुसऱ्या राज्यातला पाहुणा, त्याचा प्रवासखर्च, निवास आणि प्राध्यापकांचे पेपर असं एकामागून एक येत जातं आणि विद्यार्थी खुर्च्या लावायला उरतात. "मराठवाड्यातील पदवी विद्यार्थ्यांची इंग्रजी साहित्य परिषद" हे नाव स्वच्छ आहे आणि खरंही आहे.

विषय ठरवताना "साहित्य आणि समाज" किंवा "इंग्रजी साहित्यातील नवे प्रवाह" असलं काही घेऊ नका. त्यात सगळं बसतं, म्हणून दोन पेपर एकमेकांशी बोलतच नाहीत. "गाव सोडणं" हा विषय घ्या असं आम्ही सुचवू. बीड हा ऊसतोडीला बाहेर पडणाऱ्यांचा जिल्हा. तुमच्या वर्गातल्या किती तरी जणांच्या घरी दिवाळीनंतर कुलूप असतं. इंग्रजी अभ्यासक्रमातही घर सोडणारी, हद्दपार झालेली, परत न येणारी माणसं भरपूर आहेत, नाटकांत, कादंबऱ्यांत, कवितांतही. मूळ इंग्रजीतल्या साहित्याबरोबर मराठीतून इंग्रजीत गेलेली आत्मकथनं आणि कविताही चालतील असं आवाहनात स्पष्ट लिहा. नाहीतर मुलांना वाटतं की शेक्सपियरशिवाय पेपरच होत नाही. विषयाखाली चार-पाच प्रश्न लिहा. नुसत्या शब्दांची यादी दिली की मुलं तेच शब्द उचलून शीर्षक करतात.

अ‍ॅबस्ट्रॅक्ट २०० ते २५० शब्दांचं मागवा आणि त्यात काय हवं ते आवाहनातच सांगा : कोणती कलाकृती, तिच्याबद्दल तुम्हाला पडलेला प्रश्न, तुमचं उत्तर, आणि ते उत्तर कलाकृतीतल्या कोणत्या जागेवरून निघतं. एक नमुनाही द्या. नमुना पाहिल्याशिवाय हे समजत नाही.

समजा कुणी लिहून पाठवलं, "शेक्सपियरच्या शोकांतिकांमधील स्त्रिया : एक अभ्यास." यात प्रश्नच नाही. त्याला आखडत आणा. 'ऑथेल्लो'मधला रुमाल घ्या. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात ऑथेल्लो आपल्या बायकोला, डेस्डेमोनाला, सांगतो की हा रुमाल एका इजिप्शियन बाईनं माझ्या आईला दिला आणि त्यात जादू आहे. पाचव्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात, डेस्डेमोना मेल्यावर, तोच माणूस म्हणतो की हा रुमाल माझ्या वडिलांनी आईला दिला होता. एका रुमालाच्या दोन हकिकती. मग प्रश्न पडतो : पहिली हकिकत बायकोला धाक घालायला रचली होती, की दुसरी लोकांपुढे साधी करून सांगितली? ज्या वस्तूवरून खून होतो तिची खरी गोष्टच प्रेक्षकाला नक्की कळत नाही, याचा अर्थ काय लावायचा? हा १५ मिनिटांचा पेपर झाला. लागतं काय, तर नाटकाची एक चांगली टीपांसकट आवृत्ती आणि दोन प्रवेश पाच-सहा वेळा वाचायची तयारी. आणि कुणाला पुढे जायचं असेल, तर गो. ब. देवलांनी याच नाटकाचं 'झुंझारराव' केलं, त्यात या दोन हकिकतींचं काय झालं ते दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहावं. दोन्ही भाषा येणाऱ्या मराठवाड्यातल्या मुलाला हे काम करता येतं. लंडनच्या विद्यार्थ्याला ते सहजी जमणार नाही. ही आपली जमेची बाजू आहे, ती मुलांना दाखवून द्या.

निवड नावं झाकून करा. सहा जणांपैकी एकानं फक्त नोंदवही सांभाळायची. आलेल्या प्रत्येक अ‍ॅबस्ट्रॅक्टला क्रमांक द्यायचा, नाव आणि कॉलेज काढायचं आणि मग इतरांकडे पाठवायचं. त्यानं वाचनात भाग घ्यायचा नाही. प्रत्येक अ‍ॅबस्ट्रॅक्ट दोघांनी वाचायचं. ४० आली तर ८० वाचनं, पाच जणांत वाटली की प्रत्येकी १६. चार दिवसांत होतात. तीनच गोष्टी पाहा : प्रश्न आहे का, कलाकृतीतली जागा दाखवली आहे का, १५ मिनिटांत मावेल का. इंग्रजीच्या चुकांना गुण कापू नका. व्याकरण मसुद्याच्या वेळी सुधारता येतं, प्रश्न आयत्या वेळी आणता येत नाही. आणि चकचकीत इंग्रजीत लिहिलेलं, पण एकाही ओळीचा आधार नसलेलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट आलं तर सावध व्हा. ते बहुतेक वेळा उतरवलेलं किंवा यंत्रानं लिहून दिलेलं असतं. दोघांचं मत जुळलं नाही तर तिसऱ्यानं वाचावं. यजमान कॉलेजचे पेपर १८ पैकी सहाच्या वर जाऊ देऊ नका.

नकार देताना दोन-तीन ओळी तरी लिहाच. "तुमचा विषय मोठा आहे, यातली फक्त तिसरी कविता घेतली असती तर पेपर झाला असता" एवढं जरी लिहिलं तरी ती मुलगी पुढच्या वर्षी परत पाठवते. नुसतं "निवड झाली नाही" एवढंच आलं तर ती पुन्हा कधीच पाठवणार नाही.

उतरवून आणण्याची तुमची धास्ती रास्त आहे, पण तपासणीच्या सॉफ्टवेअरवर सगळा भार टाकू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे, म्हणून कॉलेजांत हाच आकडा तोंडी असतो. पण टक्केवारी फक्त जुळणारे शब्द मोजते. दुसऱ्याचा विचार शब्द बदलून घेतला तर ती गप्प बसते, आणि नाटकातलं लांब अवतरण रीतसर दिलं तरी आकडा वाढवून दाखवते. त्यापेक्षा साधा उपाय करा : मसुद्यासोबत प्रत्येक अवतरणाच्या पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो मागा. पुस्तक हातात असेल तर पाच मिनिटांचं काम आहे. यंत्रानं लिहून दिलेल्या पेपरात समीक्षकांची अवतरणं आणि पानांचे आकडे पुष्कळदा बनावट असतात, ते इथं लगेच उघडं पडतं. फोटो आला नाही तर आधी ओरडू नका, फोन करा. अनेकदा मुलाला ठाऊकच नसतं की असं करायचं नसतं. त्याला ते अवतरण काढायला सांगा, त्या जागी स्वतःचं मत लिहून घ्या आणि आठ दिवसांची मुदत द्या. तरीही नाही झालं तर पेपर वगळा आणि प्रतीक्षायादीतला घ्या.

पुस्तकं मिळत नाहीत ही तक्रार येणारच. जुन्या, स्वामित्वहक्क संपलेल्या इंग्रजी ग्रंथांसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग आणि इंटरनेट अर्काइव्ह आहेत. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेवर मोफत वाचता येतात. कॉलेजनं एन-लिस्टची (कॉलेजांसाठीच्या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांच्या सेवेची) वर्गणी भरली असेल तर ग्रंथपालांकडून विद्यार्थ्यांना लॉगिन मिळतं. हे विचारायला कुणी जातच नाही. संदर्भ देण्याची एकच पद्धत ठरवा. एमएलएच्या (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या) संदर्भ-पुस्तिकेची नववी आवृत्ती २०२१ ची आहे, ती घ्या आणि पुस्तक, नाटकाचा प्रवेश, लेख, संकेतस्थळ या चारच प्रकारांचे नमुने एका पानावर लिहून सगळ्यांना पाठवा.

आता भीतीकडे येऊ. इंग्रजीत बोलायची भीती "बिनधास्त बोला" म्हटल्यानं जात नाही. भीती कशाची आहे ते सुटं करून पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींची आधी तयारी करता येते.

वाचणं ही एक गोष्ट. पेपर लिहून वाचायचा असतो, पाठ म्हणायचा नसतो, हे आधी सगळ्यांना सांगा. सावकाश, कळेल असं वाचताना मिनिटाला ११५ शब्द होतात, म्हणजे १५ मिनिटांना साधारण १,७००. हीच शब्दमर्यादा द्या आणि सक्तीनं पाळा. २,५०० शब्दांचा पेपर घेऊन आलेला मुलगा बाराव्या मिनिटाला घाईला येतो आणि नेमका निष्कर्ष गिळून टाकतो. १४ पॉइंटमध्ये, दुप्पट अंतर सोडून, पानाच्या एकाच बाजूला छापलं की एक पान दोन मिनिटांचं होतं. पान उलटताना घड्याळ बघितलं की आपण कुठं आहोत ते कळतं. पानं टाचू नका, सुटी ठेवून क्रमांक टाका. जड वाटणाऱ्या शब्दाच्या वर त्याचा उच्चार देवनागरीत पेन्सिलीनं लिहून ठेवावा, थांबायच्या जागी उभी रेघ मारावी. यात लाजण्यासारखं काही नाही. वाक्यं लिहितानाच छोटी ठेवा. डोळ्यांनी वाचायला ठीक असलेलं ४० शब्दांचं वाक्य कानाला पेलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐकणाऱ्याला काय चाललंय ते कळेल का. प्रत्येक पेपरवाल्यानं ए-फोर कागदावर आपली तीन-चार अवतरणं छापून आणावीत किंवा तुम्ही छापून द्यावीत, ४० प्रती. श्रोत्याच्या हातात ओळी असल्या की वाचणाऱ्याचे उच्चार अडखळले तरी धागा सुटत नाही. आणि वीज गेली तरी कागद राहतो. पीपीटीची सक्ती तर अजिबात नको. दर पेपरला पेनड्राइव्ह लावण्यात तीन मिनिटं जातात, १८ पेपरांना जवळपास तास गेला.

तिसरी आणि खरी भीती असते ती प्रश्नांची. यासाठी भाषेचं धोरण कार्यक्रमपत्रिकेवर छापा : पेपर इंग्रजीत, चर्चा इंग्रजी, मराठी, हिंदी-उर्दू कशातही. प्रश्न मराठीत आला तर उत्तर मराठीत द्यायला हरकत नाही. हा निर्णय फार मोठा फरक पाडतो. खोलीतली निम्मी डोकी केवळ इंग्रजीमुळे गप्प असतात आणि नेमके त्यांचेच प्रश्न चांगले असतात. परिषदेआधी आठ दिवस आपापल्या कॉलेजात दोन मित्रांपुढे पेपर एकदा मोठ्यानं वाचून तीन प्रश्नांना उत्तरं द्यायची, असा नियम करा आणि झाल्याचं कळवायला सांगा. "यावर मी विचार केलेला नाही, पण आत्ता असं वाटतं" हे पूर्ण उत्तर आहे, हेही मुलांना कुणीतरी सांगावं लागतं.

सत्राध्यक्ष विद्यार्थीच असू द्या, शक्यतो तुमच्यातलेच. त्यांनी तिन्ही पेपर दोन दिवस आधी वाचायचे आणि प्रत्येकावर एक प्रश्न तयार ठेवायचा, कारण पहिला प्रश्न कुणीच विचारत नाही. ओळख दोन वाक्यांत. पुढच्या रांगेत एक जण पाच, दोन आणि शून्य असे आकडे लिहिलेले पुठ्ठे घेऊन बसेल. शून्य दाखवल्यावर एक मिनिटात अध्यक्षांनी उभं राहायचं. तीनही पेपर झाल्यावरच प्रश्न घ्या. एकेका पेपरनंतर घेतले तर शेवटच्याला वेळ उरत नाही. आणि एक नियम आधीच जाहीर करा : पहिली दहा मिनिटं प्रश्न फक्त विद्यार्थ्यांचे. प्राध्यापक मायेनंच बोलतात, पण त्यांचा प्रश्न पाच मिनिटांचा होतो आणि त्यानंतर मुलं हात वर करत नाहीत. हे तुम्ही स्वतः सांगण्यापेक्षा तुमच्या विभागप्रमुखांकडून उद्घाटनात सांगून घ्या.

उद्घाटन १५ मिनिटांचं. इथं तुमची कसोटी आहे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, चार मनोगतं आणि आभार असं धरलं तर दीड तास सहज जातो, आणि तो पहिल्या सत्राच्या पोरांच्या वाट्यातून जातो. कुणाला न दुखावता हे टाळायचं तर मिनिटांसकट छापलेली कार्यक्रमपत्रिका घेऊन प्राचार्यांना महिनाभर आधी भेटा. दीपप्रज्वलन आणि प्राचार्यांची पाच मिनिटं सकाळी ठेवा. सत्कार जेवणाआधी उरका, शालीऐवजी पुस्तक द्या. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना समारोपाला बोलवा, तिथं वेळ जरा मोकळा असतो. पाहुणा एकच असावा आणि तो दिवसभर बसणारा असावा. भाषण करून जेवणाआधी निघणाऱ्या मोठ्या नावापेक्षा शेजारच्या कॉलेजातल्या, दोन्ही खोल्यांत फिरून पेपर ऐकणाऱ्या आणि समारोपात वीस मिनिटं त्यांवरच बोलणाऱ्या बाई किंवा सर कितीतरी उपयोगाचे.

पैशाचा ढोबळ अंदाज ७० माणसांचा देतो, दर तुमच्या गावातले घाला. जेवण १२० रुपयांनी ८,४००. दोन वेळचा चहा १,४००. अवतरणांचे कागद, १८ पेपरांच्या ४० प्रती म्हणजे ७२० पानं, दोन रुपयांनी १,४४०. प्रमाणपत्रं १५ रुपयांनी १,०५०. फ्लेक्स ६००. पाहुण्यांचा प्रवास आणि मानधन ३,०००. किरकोळ १,५००. झाले १७,३९०. पन्नास जणांकडून १५० रुपये घेतले तर ७,५०० जमतात, उरलेल्या दहा हजारांसाठी कॉलेजकडे अर्ज करा. पिशव्या, पेनं, स्मृतिचिन्हं यांवर एक रुपयाही घालवू नका. नोंदणी शुल्क निवड झाल्यावरच घ्या, अ‍ॅबस्ट्रॅक्टसोबत कधीच नाही. आणि तुमच्यापैकी कुणाच्याही स्वतःच्या यूपीआयवर पैसे घेऊ नका. कितीही प्रामाणिक असलात तरी हिशेबात शंभर रुपये इकडेतिकडे होतात आणि मैत्री तुटते. कॉलेजच्या खात्यात पैसे, प्रत्येकाला पावती, खर्चाच्या प्रत्येक बिलावर दोघांच्या सह्या. "तुमचे पेपर आम्ही जर्नलमध्ये छापतो, प्रत्येकी हजार रुपये द्या" असा फोन हमखास येईल. नाही म्हणा. १८ अ‍ॅबस्ट्रॅक्टची एक नेटकी पीडीएफ पुस्तिका करा, तेवढी पुरे.

लांबून येणाऱ्या मुलींचा विचार आवाहनातच दिसू द्या. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पण घरून परवानगी मिळणं तिकिटापेक्षा अवघड असतं. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र पालकांच्या नावानं मराठीत पाठवा : कार्यक्रम काय, वेळ काय, मुक्काम कुठं, कोणत्या बाई सोबत असतील आणि त्यांचा फोन. मुक्कामासाठी वसतिगृहाच्या अधीक्षिकांची लेखी परवानगी पंधरा दिवस आधी घ्या. ज्या रविवारी सकाळपर्यंत राहतील त्यांना आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे घेऊन जा. साहित्याची मुलं अंबाजोगाईला येऊन ते न बघता जाऊ नयेत.

१८ पैकी तीन-चार जण येणार नाहीत हे धरूनच चाला. सात दिवस आधी आणि आदल्या दिवशी फोन करा, मेसेजवर विसंबू नका. प्रतीक्षायादीत तीन पेपर तयार ठेवा. गैरहजर माणसाचा पेपर दुसऱ्यानं वाचायचा नाही, कारण प्रश्नांना उत्तर द्यायला कुणी नसतं. ती १५ मिनिटं उरलेल्या दोघांच्या चर्चेला द्या. प्रमाणपत्र सत्र संपल्यावर त्याच खोलीत द्या, सकाळी नोंदणीवर देऊ नका. नावांचं स्पेलिंग फॉर्मवर जसं भरलं तसंच छापा आणि छापण्याआधी एकदा सगळ्यांना पाठवून होकार घ्या.

सहा जणांत द्वितीय वर्षाची दोन मुलं आत्ताच घ्या. तुम्ही सगळे तृतीय वर्षाचे असाल तर मे महिन्यात पांगाल आणि पुढच्या वर्षी कुणाला काहीच माहीत नसेल. आवाहनाचा मजकूर, पत्रांचे नमुने, कॉलेजांची आणि तिथल्या इंग्रजी विभागांची यादी, हिशेब, काय चुकलं त्याची टिपणं, हे सगळं एका ड्राइव्हवर विभागाच्या ईमेलखाली ठेवा, कुणाच्या खासगी खात्यावर नको.

राहिला तुझा स्वतःचा पेपर. वाच, पण दोन अटींवर. तुझं अ‍ॅबस्ट्रॅक्टही क्रमांक घालून इतरांसारखंच दोघांकडे जाऊ दे, आणि नोंदवही सांभाळणारी तू असलीस तर मग नाही. दुसरी अट कामाची : ज्या सत्रात तू वाचणार, त्या सत्राआधीचा तासभर तुझ्याकडे जेवण, माइक, पाहुणे यातलं काहीही असता कामा नये. तुझा फोन त्या वेळात दुसऱ्या कुणाकडे दे. आयोजकांपैकी दोघांहून जास्त जणांनी मात्र वाचू नये, नाहीतर दोन्ही खोल्यांकडे बघायला माणूस उरत नाही. निवड झाली नाही तर सत्राध्यक्ष हो. तीन पेपर आधी वाचून त्यांवर नेमका प्रश्न काढणं हे पेपर लिहिण्याइतकंच अवघड काम आहे, आणि त्याची तयारीही तेवढीच करावी लागते.